जादी राण्याची अट

संजाणच्या जादी राण्याची गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असा सुशिक्षित मराठी वाचक विरळा. इराण सोडून समुद्रमार्गें आलेल्या पारशी मंडळींनीं त्याच्या राज्यांत आसरा मागितला, तेव्हां राण्यानें दुधानें काठोकाठ भरलेलें पात्र पाठविलें व पाहुण्यांनीं त्यांत साखर विरघळवून तें परत केलें, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. परंतु ती तोंडी परंपरेंतली आहे. बहमन कैकोबाद यानें इ. स. १६०० च्या सुमारास फारसी पद्यांत लिहिलेल्या 'किस्सा-इ-संजाण' या काव्यांत साखर नाहीं; तेथें राण्यानें घातलेल्या अटी आहेत. त्यांपैकीं एक आमच्या मतें साखरेहून मोलाची आहे. ती अशी कीं, आलेल्यांनीं इराणची भाषा सोडून या देशाची भाषा बोलावी. असा राजा खरोखर होऊन गेला कीं नाहीं, यावर पंडितांनीं खुशाल वाद घालावा. पारशांच्या घरांत शतकानुशतकें गुजराथी बोलली जात आली आहे, यांत मात्र वाद नाहीं. म्हणजे अट कोणी घातली असो वा नसो, ती पाळली गेली.

या संजाणच्या दक्षिणेस, त्याच किनाऱ्यावर, डहाणू तालुक्यांत वरोर नांवाचें गांव आहे. वाणगांव स्टेशनावर उतरून चिंचणीच्या वाटेस लागावें, आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस वळावें. समुद्रावर जाणारे मांगेले, वाड्या करणारे बागाईतदार, घरांत बसून दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर, आणि आंतल्या बाजूस वारल्यांचे पाडे, अशी या टापूची वस्ती. वयाची पन्नाशी उलटल्यावर आम्हीं येथें बिऱ्हाड केलें. आपण महाराष्ट्रांतल्या महाराष्ट्रांत, पुण्याहून दोनशें मैलांच्या आंत आलों आहों, तेव्हां भाषेची अडचण ती कसली, अशी आमची समजूत होती. ती समजूत एका शब्दानें उतरविली.

पहिल्याच आठवड्यांतली हकीकत. सकाळीं किनाऱ्यावर गेलों तों होड्या वाळूवर उभ्या, आणि एक वृद्ध तांडेल सावलींत बसून जाळें सांधीत होता. "आज बाहेर गेलां नाहींत?" असें आम्हीं विचारतांच तो एवढेंच म्हणाला, "भांग हाय, भाऊ." आम्ही मनांतल्या मनांत हळहळलों. सकाळच्या प्रहरीं नशा करून काम बुडविणाऱ्या या माणसाविषयीं घरीं येऊन आम्हीं चार उपदेशपर वाक्येंहि उच्चारलीं. पुढें बऱ्याच दिवसांनीं कळलें कीं, भांग म्हणजे अष्टमीच्या आगेंमागें येणारी मंद भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेचें तें उधाण, आणि मधला तो भांग. डोलीचें जाळें पाण्याच्या ओढीवर उभें राहतें आणि त्याचें तोंड ओढीनेंच उघडतें. भांगांत ओढ पुरेशी नसते, म्हणून होड्या उभ्या. त्या एका शब्दांत चंद्र होता, समुद्र होता, जाळें होतें, आणि त्या घरची त्या दिवसाची चूलहि होती. आम्हीं त्यांतून काढलें काय, तर व्यसन!

वाचक हंसतील, आणि त्यांनीं हंसावें. परंतु हीच चूक शाळेंत, कचेरींत, दवाखान्यांत घडते तेव्हां हंसण्यासारखें कांहीं उरत नाहीं. डहाणूच्या पूर्वेकडील एका दवाखान्यांत आमच्यासमोर एक वारली बाई आजारी मूल मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर तरुण आणि भला होता. त्यानें पुस्तकी मराठींत विचारलें कीं, त्रास केव्हांपासून होत आहे आणि जुलाबाचें प्रमाण किती आहे. बाई खालीं पाहूं लागली. त्यानें आवाज चढवून तेंच पुन्हां विचारलें, जणूं ती बहिरी होती. शेवटीं झाडलोट करणारी एक बाई मध्यें पडली, तिच्या बोलींत दोन वाक्यें बोलली, आणि त्या मुक्या वाटणाऱ्या आईच्या तोंडून तीन दिवसांची साद्यंत हकीकत बाहेर पडली. निदानाचें अर्धें काम त्या झाडणाऱ्या बाईनें केलें. पगार तिला झाडण्याचाच मिळत होता. दवाखान्याच्या दप्तरांत तिचें हें काम कोठेंहि लिहिलें जात नसेल, हें आम्ही पैजेवर सांगूं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. दुसऱ्याच्या मुलखांत प्रौढपणीं राहावयास जाणाऱ्यानें तेथील बोली शिकली पाहिजे, हा नियम आम्ही मराठी लोक मुंबईंत येणाऱ्या परप्रांतीयांस मोठ्या आवेशानें सांगतों, आणि तें सांगणें योग्यच आहे. पण तोच नियम डहाणू-तलासरींत येणाऱ्या आम्हांसहि लागू आहे, ही गोष्ट आम्हीं सोयिस्करपणें डोळ्यांआड केली आहे. शिक्षक, तलाठी, डॉक्टर, बँकेचे कारकून, अभियंते, सेवाभावी मंडळी, आणि समुद्र दिसतो म्हणून बंगला बांधणारे आमच्यासारखे लोक येथें वर्षानुवर्षें राहतात. परंतु मांगेल्यांच्या किंवा वारल्यांच्या बोलींत दहा वाक्यें नीट बोलूं शकणारा त्यांत आम्हांस क्वचित् भेटला.

यावर तीन सबबी ऐकूं येतात. पहिली वयाची. सीमेपलीकडचे गुजराथी शेजारी म्हणतात, 'पाके घडे कांठा न चडे'. भाजलेल्या घड्यास नवे कांठ बसत नाहींत. या सबबींत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तान्ह्या मुलाच्या कानास कोणत्याहि भाषेंतल्या ध्वनींचा फरक कळूं शकतो. पहिलें वर्ष संपत येतें तों घरांत ऐकूं न येणारे फरक त्याच्या कानांतून निसटूं लागतात. प्रौढास म्हणून आधीं जिभेची नव्हे, कानाची अडचण असते. नोकरीनिमित्त बँकॉकला गेलेल्या मराठी गृहस्थाची स्थिति पाहा. थाई भाषेंत पांच सूर आहेत. 'मा' हें एकच अक्षर सपाट सुरांत म्हटलें तर 'येणें', चढत्या सुरांत 'कुत्रा', आणि उंच सुरांत 'घोडा'. आपला माणूस वाक्य पाठ करून बाजारांत जातो, शब्द अचूक उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या चढतात. कारण शब्द बरोबर असून सूर चुकलेला असतो, आणि तो चुकला हें बोलणाऱ्यास ऐकूंच येत नाहीं. मराठी शिकूं पाहणाऱ्या परक्याची आपणहि अशीच त्रेधा उडवितों. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे 'जगत राहा', हे दोन्ही शब्द लिहावयास एक. पण पहिल्यांतला ज तालव्य आणि दुसऱ्यांतला दंत्य. किती मराठी वाचकांनीं ही गोष्ट आजवर जाणूनबुजून लक्षांत घेतली होती? परक्यास मात्र ती एकेक शब्द धरून शिकावी लागते.

अडचण खरी आहे. पण ती अजिंक्य नाहीं, याला इतिहास साक्ष आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ सालीं गोव्यास उतरला तेव्हां तिशीचा होता. त्यानें मराठींत रचलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, आणि त्याच्या ओव्या दहा हजारांहून अधिक आहेत. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस आले, प्रौढपणीं मराठी शिकले, आणि १८४३ सालीं त्यांनीं याच उत्तर कोंकणांतील वारली व काथोडी लोकांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. हेतु धर्मप्रसाराचा होता, हें आम्ही विसरलों नाहीं. पण ज्याच्याशीं आपणांस बोलावयाचें त्याची भाषा आपण शिकावयाची असते, एवढें त्यांस कळत होतें. परकीयांचीं उदाहरणें नकोत असें कोणी म्हणेल, तर घरचीं घ्या. ताराबाई मोडक अनुताई वाघांना घेऊन १९४५ सालीं बोर्डीस आल्या तेव्हां ताराबाईंचें वय त्रेपन्न होतें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, या विचारांतून त्यांची अंगणवाडी निघाली. पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांमागें कुरणांत जाणारी कुरणशाळाहि निघाली. त्याच १९४५ सालीं गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यांतून हिंडूं लागल्या. कायद्याची पदवी घेतलेल्या, शहरांत वाढलेल्या या बाईंनीं त्या लोकांच्या झोपड्यांत बसून त्यांचें ऐकून घेतलें; नुसतें भाषण ठोकून त्या परतल्या असत्या तर १९७० सालचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक लिहिलें गेलें नसतें. जर्मनीला जाणारा आमचा अभियंता तेथें स्थायिक व्हावयाचें म्हणून चाळिशींत जर्मन शिकतो, परीक्षा देतो आणि उत्तीर्णहि होतो. त्याचा घडा भाजलेला नसतो काय? जेथें भाषेवांचून आपलें अडतें तेथें आपली जीभ वळते. जेथें दुसऱ्याचें आपल्यावांचून अडतें तेथें ती जड होते. ही वयाची गोष्ट नव्हे.

दुसरी सबब शुद्धतेची. 'ती काय भाषा आहे? अशुद्ध मराठीच ती!' असें म्हणणारे पदवीधर आम्हीं स्वतः ऐकले आहेत. दर बारा कोसांवर भाषा बदलते ही म्हण ज्यांनीं तोंडपाठ केली, तेच बदललेल्या भाषेस बिघडलेली म्हणतात. वारल्यांच्या लग्नांत धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यावांचून लग्न लागत नाहीं. धान्याची देवता त्यांना 'कणसरी' आहे. पुस्तकी मराठींत धवलेरीस प्रतिशब्द सांपडेल काय? नाहीं, कारण ती व्यवस्थाच आपल्यांत नाहीं. 'पुरोहित स्त्री' म्हणावें तर आपल्या पुरोहिताचीं सारीं चिन्हें तिला उगीच चिकटतात. वारल्यांचीं चित्रें आम्हीं दिवाणखान्यांत लावलीं, जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां आनंद मानला. पण त्या चित्रांतला लग्नचौक ज्या बोलींत गाइला जातो ती बोली आमच्या लेखीं अशुद्धच राहिली. भिंतीवर चालतें तें तोंडांत कां चालूं नये?

तिसरी सबब सर्वांत चतुर आहे. 'आतां सगळ्यांना मराठी समजतें, मग आपण कशाला शिका?' येथें आमचा वरोरचा अनुभव सांगणें भाग आहे. मासळी घेऊन बसलेल्या बायकांशीं आम्हीं त्यांच्या बोलींत बोलावयाचा यत्न केला कीं, त्या चटकन् आमच्या मराठींत उत्तर देत. आपसांत बोलतांना त्यांचे शब्द वाहत असत; आमची सावली पडली कीं, त्या थांबून, शब्द निवडून, शाळेंत उत्तर द्यावें तशा बोलत. बँकॉकच्या आपल्या गृहस्थाचीहि हीच तक्रार असते कीं, त्यानें थाईंत विचारावें आणि दुकानदारानें इंग्रजींत उत्तर द्यावें. तो त्यास सौजन्य समजतो. थोडें सौजन्य त्यांत असतेंहि. पण पाहुण्याच्या भाषेचें सगळें ओझें यजमानानें उचलावें, अशी ती रीत पडून जाते, आणि ओझें उचलणारा दमतो हें पाहुण्याच्या गांवींहि नसतें. समजणें निराळें आणि आपलें दुखणें, आपली तक्रार, आपला विनोद दुसऱ्याच्या भाषेंत मांडणें निराळें. इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणाऱ्या आमच्यापैकीं कितीजण पोटांतली कळ इंग्रजींत नीट वर्णन करूं शकतील?

आमच्या बोलीवर ताबा येण्यास सुरुवात झाली ती एका फजितीनंतर. एका मावशींनीं आमचें वाक्य ऐकून शेजारणीस हांक मारली, आणि आमच्याकडून तें वाक्य तिच्यासमोर तीनदां म्हणवून घेतलें. दोघींच्या डोळ्यांत हंसून हंसून पाणी आलें. आम्हांस राग आला हें कबूल करतों. पन्नाशीच्या माणसाला, त्यांतून चार बुकें लिहिलेल्या माणसाला, भर बाजारांत हंसतात म्हणजे काय! पण त्या दिवसापासून मावशी आमच्याशीं शाळेंतली मराठी बोलेनाशा झाल्या. चुकलों कीं हंसत, आणि बरोबर शब्द हातावर मासा ठेवावा तसा ठेवीत. प्रौढ माणूस भाषा शिकत नाहीं याचें खरें कारण आम्हांस तेथें कळलें. मुलास चुकण्याची लाज नसते. प्रौढाची प्रतिष्ठा शब्दांवर उभी असते. नव्या भाषेंत तो पुन्हां चार वर्षांचा होतो, आणि ज्यांना आपण आपल्याहून अडाणी समजतों त्यांच्यापुढें चार वर्षांचें होणें आम्हां सुशिक्षितांस सोसवत नाहीं. जर्मनांपुढें तें सोसतें. मांगेल्यांपुढें आणि वारल्यांपुढें सोसत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, पूर्वीचे सावकार आणि जमीनदार तर वारल्यांची बोली जाणत होते, त्यानें वारल्यांचें काय भलें झालें? आक्षेप रास्त आहे. वेठीला बोलावण्यापुरती, धमकावण्यापुरती आणि दर ठरविण्यापुरती बोली त्यांस येत असेल. पण ती सारी आज्ञार्थी. १९४५ च्या मे महिन्यांत झरीच्या परिषदेंत वेठ बंद करण्याचा निश्चय झाला, त्याच्या मुळाशीं वारल्यांचें प्रश्नार्थी आणि नकारार्थी बोलणें कोणी तरी प्रथमच ऐकून घेतलें, हें होतें. भाषा शिकणें म्हणजे हुकूम सोडण्यास शब्द मिळविणें नव्हे. दुसऱ्याचें 'नाहीं' समजण्याची पात्रता मिळविणें होय.

आतां अलीकडच्या दोन गोष्टी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आम्हीं पेढे वांटले. त्यानंतर १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा शासननिर्णय निघाला, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रांत वादळ उठलें. सहा वर्षांच्या कोंवळ्या मुलावर परकी भाषा लादूं नये, असें साहित्यिकांनीं, शिक्षणतज्ज्ञांनीं, आईबापांनीं एका सुरांत सांगितलें, आणि २९ जून २०२५ रोजीं सरकारास माघार घ्यावी लागली. त्या आंदोलनांतला प्रत्येक युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. म्हणूनच विचारतों कीं, तलासरीच्या पाड्यांतलें सहा वर्षांचें मूल पहिल्या दिवशीं शाळेंत येतें, आणि समोरचे गुरुजी त्यास घरीं कधीं न ऐकलेली मराठी बोलतात, तेव्हां तो युक्तिवाद कोठें जातो? तें मूल घाबरून गप्प बसतें आणि त्याची 'मंद' म्हणून नोंद होते. त्यास मराठी शिकवूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मराठी त्याच्या हक्काची आहे आणि ती त्यास उत्तम आली पाहिजे. पण पहिली पायरी त्याच्या अंगणांतली हवी, आणि ती बांधण्यास गुरुजींस त्याची बोली आली पाहिजे.

दुसरी गोष्ट वरोरच्या उंबरठ्यावरची. शेजारच्या वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांच्या घरांत आहे. बंदर व्हावें कीं न व्हावें हा आजचा आमचा विषय नव्हे. या किनाऱ्याचा त्यास असलेला विरोध जुना आणि सर्वश्रुत आहे. आम्ही पाहतों तें इतकेंच कीं, त्याच्या निमित्तानें हजारों प्रौढ परकी माणसें या टापूंत राहावयास येतील. अशा प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्यभाषेंत किंवा स्थानिक भाषेंतहि द्यावा, असें २००६ ची पर्यावरणविषयक अधिसूचना सांगते. कागदावर तेवढें पुरतें. पण 'भांग' शब्दाचा अर्थ ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें या पाण्याच्या ओढीविषयीं तांडेलाशीं काय बोलावें आणि त्याच्या हरकतीची नोंद काय करावी? आम्हीं एका शब्दावरून एका निर्व्यसनी म्हाताऱ्यास नशाबाज ठरविलें; तें घरांतल्या घरांत राहिलें. तीच चूक अहवालांत गेली तर ती दुरुस्त करावयास कोणती मावशी येणार आहे?

तेव्हां आमची मागणी स्पष्ट आहे. डहाणू-तलासरींत नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकानें, तलाठ्यानें, डॉक्टरानें आणि बंदराच्या प्रत्येक अधिकाऱ्यानें पहिल्या वर्षांत येथील एक बोली बोलावयास शिकावें. लेखी परीक्षा नको. गांवच्या चार माणसांसमोर बसून बोलावें, आणि तें समजलें कीं नाहीं हें त्या चौघांनीं सांगावें. शिकविणारे येथलेच असावेत, आणि त्यांस शिक्षकाचा पगार मिळावा. दवाखान्यांतल्या त्या झाडणाऱ्या बाईपासून आरंभ केला तरी चालेल. यांत अशक्य कांहीं नाहीं. परकी राज्यकर्त्यांनीं आपल्या अधिकाऱ्यांस देशी भाषांच्या परीक्षा द्यावयास लावल्या होत्या. स्वराज्यांत आपल्याच माणसांसाठीं तेवढें करण्यास संकोच कां वाटावा?

आणि सरकार करील तेव्हां करील. आपण वाचकांनीं थांबण्याचें कारण नाहीं. ज्यांची मुलें, सुना, जांवई या भागांत नोकरीस आहेत, ज्यांनीं येथें वाडी घेतली आहे, त्यांनीं उद्यांपासून बाजारांत आपल्या मराठीचा आग्रह सोडावा आणि समोरच्या मावशींचा शब्द तिच्याच उच्चारांत म्हणून पाहावा. ती हंसेल. तिला हंसूं द्यावें, आणि पुन्हां विचारावें. जादी राण्यानें समुद्रावरून आलेल्या निराधारांस जी अट घातली, ती येथें मोटारींतून येणाऱ्या आम्हांस कोणी घालणार नाहीं. कारण घालण्याचा अधिकार ज्यांचा, ते आमच्यापुढें अदबीनें आमचीच भाषा बोलतात. म्हणून ती अट आमची आम्हींच आमच्यावर घालून घेतली पाहिजे.